परदेशातून: चाल दोघांची, मग तिसऱ्याचं काय?

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर सध्या जुनाच वाद पेटलाय, शंकर-जयकिशनची कुठली चाल शंकरची आणि कुठली जयकिशनची. मी इंग्लंडमध्ये राहतो, इकडे बीटल्स बँडच्या जॉन लेनन-पॉल मॅकार्टनीच्या गाण्यांचा अस्साच कीस पाडतात. त्या दोघांनी पोरवयातच ठरवलेलं, गाणं कुणीही करो, नावं दोघांची लागणार. १९६५ चं 'येस्टरडे' एकट्या पॉलचं, रेकॉर्डवर बँडमधले बाकीचे तिघं वाजवतसुद्धा नाहीत, तरी क्रेडिट दोघांना. मला हे फार आवडतं, कारण एकजण अडला की दुसरा पुढची ओळ सुचवतो, त्याचा हिशोब कोण ठेवणार? आणि १९७१ ला जयकिशन गेल्यावरही शंकरनी जोडीचंच नाव लावलं, माझ्यासाठी ते कुठली चाल कुणाची यापेक्षा कितीतरी मोठं आहे.

पण एवढ्या भांडणात सेबास्टियन डिसोझांचं नाव कुणीच काढलं नाही याचं मला खरंच वाईट वाटलं. गोव्याचा माणूस, शंकर-जयकिशनचा अरेंजर, चालीभोवती ऑर्केस्ट्रा उभा करणं, व्हायोलिनवाल्यांना नोटेशन लिहून देणं हे सगळं त्यांचं काम, आणि आपण कित्येक गाणी तर मुखडा यायच्या आधी त्या व्हायोलिनवरूनच ओळखतो ना!

इथे अशा माणसाला कोर्टात जाता आलं. प्रोकोल हॅरम बँडचं 'अ व्हायटर शेड ऑफ पेल' १९६७ चं, क्रेडिट गॅरी ब्रुकर आणि कीथ रीड यांना, पण ऑर्गनची ती प्रसिद्ध धून मॅथ्यू फिशरची. त्याने २००५ मध्ये केस केली, २००६ ला हायकोर्टाने संगीतातला ४० टक्के वाटा दिला, अपिलात पैसे गेले, शेवटी २००९ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च कोर्टाने, परत दिले, तेही केस केल्यापासून पुढचेच, मागच्या इतक्या वर्षांचं काही नाही. म्हणजे इकडेही सगळं छान चाललंय असं अजिबात नाही, पण निदान दार ठोठावता येतं.

आपल्याकडे २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला संरक्षण मिळालं, जावेद अख्तर त्यासाठी किती भांडले ते आपण पाहिलंय, पण अरेंजर त्यात कुठे आहे? ग्रुपवर एकाने लिहिलं की त्याला कामाचे पैसे मिळाले, विषय संपला. माझ्या मते नाही संपत, वाजवायचे पैसे वेगळे आणि गाण्यात नवीन धून घातली तर तो वाटा वेगळा.

पुण्या-मुंबईत आता पोरं स्वतःची गाणी घेऊन बँड काढतायत, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की मैत्री आहे तोवरच बसून कागदावर लिहा कुणाचा किती वाटा ते. आर.ई.एम. या अमेरिकन रॉक बँडने चौघांची नावं सारखीच लावली, ड्रमरचंसुद्धा, आणि तो बँड ३० वर्षांवर टिकला. गिटारवाल्याने केलेली सुरुवात गाण्यात राहणार असेल तर त्याचं नाव रिलीजच्या आधी त्या कागदावर यायलाच हवं.