आधार आहे ना, मग जनगणना कशाला? अहो मामा, थांबा जरा

चार दिवस झाले, गावच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर एकच फॉरवर्ड फिरतोय. आशय असा की आधार आहे, मोबाईल आहे, युपीआय आहे, सरकारकडे सगळ्यांचा डेटा पडलाच आहे, मग २०२७ च्या जनगणनेवर ११ हजार कोटी कशाला उडवायचे, प्रगत देशांनी हे कधीच बंद केलं, मास्तरांना दारोदार फिरवून पोरांचं नुकसान होतं ते वेगळंच, आणि एवढं करून आकडे आले तरी सरकार वापरतं कुठे. खाली हात जोडलेले तीन इमोजी. माझ्या सख्ख्या मामानेपण पुढे ढकललाय. मामाला ग्रुपवर उलटून बोलायची आमच्यात सोय नाही म्हणून इथे लिहितोय.

आधी आधारचं बघू. मामा, आधार ही ओळख आहे, मोजणी नाही. त्यात नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता, फोटो, बोटांचे ठसे, बुबुळं, असलं तर मोबाईल नंबर नि ईमेल, संपलं. घरात नळ आहे का, संडास आहे का, बाई कामाला जाते का, पोरगी शाळेत आहे का, तुम्ही इथे कुठून आलात नि कशासाठी आलात, यातलं काहीही आधारला माहीत नाही. बरं पत्ता तरी खरा म्हणावा, तर मी नऊ वर्षं पुण्यात राहतोय आणि आधारवर अजून बीड जिल्ह्यातला केज तालुकाच आहे कारण बदलायची कधी गरजच पडली नाही, आमच्या मजल्यावर चार घरांपैकी तिघांचं हेच. म्हणजे आधारच्या हिशोबाने आम्ही सगळे मराठवाड्यात, पाणी मात्र खडकवासल्याचं पितोय. माणूस गेला की त्याचं आधार आपोआप बंद होत नाही हे अजून एक. नोव्हेंबर २०२५ मध्ये आधारवाल्यांनीच सांगितलं की मृतांचे दोन कोटींच्या वर नंबर बंद केले. चांगलं केलं, पण तोवर ते चालूच होते ना?

"रिअल टाईम डेटा असताना सोळा वर्षांनी डोकी मोजून काय मिळणार." फॉरवर्डमधलं हे वाक्य दिसायला भारी आहे. पण शाळेतले अपूर्णांक आठवा. युपीआयचे व्यवहार, दवाखान्यातली ओपीडी, शाळेचा पट, लशीचे डोस, हे सगळे अंश, म्हणजे रेघेच्या वरचे आकडे. एखाद्या तालुक्यात ३०० मुलं कुपोषित सापडली तर ते जास्त की कमी? किती मुलांपैकी ३००, हे कळल्याशिवाय काय बोलणार? रेघेखालचा तो छेद फक्त जनगणनेतून येतो, आणि आपला छेद २०११ चा आहे, पुढचं सगळं अंदाजपंचे. कोविडमध्ये मुंबईत पहिल्या डोसचा आकडा शंभर टक्क्यांच्या वर गेला होता, आठवतंय? मुंबईत जास्तीची माणसं उगवली नव्हती, छेद अंदाजाचा होता आणि बाहेरून कामाला येणाऱ्यांनीपण तिथेच लस घेतली होती. आता अशा आकड्यावरून कुठल्या वस्तीत माणसं राहिलीत हे ठरवून दाखवा.

मग म्हणे सँपल सर्व्हे घ्या की. सर्व्हे होतात, चांगलेच होतात, पण कुठली गावं निवडायची ती यादीच मुळात जनगणनेची असते. यादी जुनी असली की नंतर उभ्या राहिलेल्या वस्त्या मोजणीत कमी पडतात. बाकी आजीकडे मोबाईल नाही आणि दादाकडे तीन सिमकार्डं आहेत, त्यामुळे मोबाईलवरून माणसं मोजण्याबद्दल मी काही बोलत नाही.

प्रगत देशांचं अर्धसत्य आहे. डेन्मार्कने १९८१ पासून दारोदार मोजणी थांबवली हे खरंय, पण मोजणी थांबवली नाही, पद्धत बदलली. तिथे १९६८ पासून प्रत्येक माणसाची मध्यवर्ती नोंद आहे आणि घर बदललं की पाच दिवसांत कळवावं लागतं. आपल्याकडे भाडेकरार करताना मालक म्हणतो की या पत्त्यावर गॅस घेऊ नका. आधी ते रजिस्टर उभं करा, मग डेन्मार्कची गोष्ट सांगा.

११ हजार कोटी. मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२५ मध्ये ११,७१८ कोटी मंजूर केले, आकडा ऐकून डोळे फिरतात खरे, पण माणशी काढलं तर साधारण ऐंशी रुपये होतात, तेपण इतक्या वर्षांतून एकदा. पुण्यात मिसळ येते तेवढ्यात, एक्स्ट्रा पाव वेगळा.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हे लिहायला बसलो तो: "आकडे आले तरी सरकार वापरतं कुठे." अहो वापरतं म्हणूनच तर घोळ झालाय! रेशनचं घ्या. अन्नसुरक्षा कायद्यात खेड्यातल्या ७५ टक्के नि शहरातल्या ५० टक्के लोकांपर्यंत धान्य द्यायचं ठरलं, ते २०११ च्या लोकसंख्येवर, म्हणून देशाचा आकडा ८१.३५ कोटींवर अडकला आणि महाराष्ट्राचा साधारण ७ कोटींवर. तहसीलमध्ये नवीन सुनेचं नाव चढवायला गेलं की "इष्टांक शिल्लक नाही" असं जे ऐकायला मिळतं, तो इष्टांक, म्हणजे ठरवून दिलेला लाभार्थ्यांचा कोटा, हा. माणसं वाढली, इष्टांक तिथेच. कुणाचं तरी नाव कटल्याशिवाय तुमचं चढत नाही.

पुण्यात ११ गावं २०१७ ला आणि २३ गावं २०२१ ला पालिकेत आली, वाघोली, सूस, म्हाळुंगे, बावधन वगैरे, टोलेजंग टॉवर आणि खाली टँकरची लाईन. जानेवारी २०२६ मध्ये पालिकेची निवडणूक झाली तेव्हा प्रभाग २०११ च्या लोकसंख्येवरच पाडले होते, म्हणजे ज्या टॉवरमध्ये शेकडो कुटुंबं राहतात तिथे कागदावर अजून ज्वारीचं रान. आणि दरवर्षी पाण्याच्या कोट्यावरून पालिका नि जलसंपदा खातं भांडतं, त्यात निम्मं भांडण शहरात माणसं किती यावरच असतं. मोजलंच नाही तर ज्याचा आवाज मोठा त्याचा आकडा खरा.

आणि "इम्पिरिकल डेटा", म्हणजे प्रत्यक्ष गोळा केलेले आकडे, हा शब्द महाराष्ट्रातल्या चहाच्या टपरीवर कसा पोचला ते विसरलात काय? मार्च २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की स्थानिक स्वराज्य संस्थांमधलं ओबीसी आरक्षण द्यायचं तर आधी आकडे दाखवा. आकडे कुठून आणणार, देशात सगळ्या जातींची मोजणी शेवटची झाली ती १९३१ ला! २०११ च्या जनगणनेपेक्षा वेगळी एक सामाजिक-आर्थिक पाहणी झाली होती, तिचे जातीचे आकडे मागितले तर केंद्राने कोर्टात सांगितलं की त्यात इतक्या चुका आहेत की वापरता येणार नाहीत. महाराष्ट्रात यादीवरच्या जाती ४९४, आणि पाहणीत निघाल्या ४,२८,६७७. लोकांनी जे सांगितलं ते, उच्चार आला तसा, पोटजात, आडनाव, गावठी नाव, सगळं वेगवेगळं टाईप झालं आणि प्रत्येक स्पेलिंगची एक जात तयार झाली. फॉरवर्डवाल्यांना हे सापडलं असतं तर त्यांनी ठळक करून लिहिलं असतं, पण माझ्या मते धडा उलटा आहे, भरायची यादी आणि कोड आधी पक्के केले नाहीत तर नंतर कितीही भारी कॉम्प्युटर आणा, काही उपयोग नाही. यावेळी जात विचारणार आहेत तर ती यादी कशी केलीय हे बघा, आरडाओरडा करायचा तर त्यावर करा.

मग पुढे बांठिया आयोग आला. जयंत बांठिया म्हणजे २००१ च्या जनगणनेचे आयुक्त, आणि नेमकं त्यांच्याच वाट्याला मतदार यादीतल्या आडनावांवरून ओबीसी किती याचा अंदाज काढायचं काम आलं. ३७ टक्के असा आकडा निघाला, त्यावर सगळ्या पक्षांतून बोंब झाली आणि ती रास्तच होती, कारण जाधव, पवार, गायकवाड, मोरे ही आडनावं किती जातींत आहेत ते गावातलं शेंबडं पोरपण सांगेल. डेटा नसताना निर्णय थांबत नाहीत, ते आडनावं बघून होतात.

ग्रुपवर एकाने वर टाकलं की ही माहिती इन्कम टॅक्सवाले घेतील. नाही घेऊ शकत, १९४८ च्या जनगणना कायद्यात कलम १५ आहे, तुमचा भरलेला फॉर्म कोणाला बघायला मिळत नाही, कोर्टातपण पुरावा म्हणून चालत नाही.

मास्तरांचा मुद्दा मात्र बरोबर आहे, त्यावर वाद घालणार नाही. निवडणूक, सर्व्हे, जनगणना, जे आलं ते शिक्षकांच्या गळ्यात, आणि मानधनासाठी नंतर चकरा. माझी मावशी २०११ ला प्रगणक, म्हणजे घरोघर जाऊन मोजणी करणारी, होती, संध्याकाळी शाळा सुटली की नकाशा घेऊन वस्तीवर, कुत्री मागे लागायची.

पण खरी अडचण फॉरवर्डवाल्यांना दिसलीच नाही. डोकी मोजायची ती फेब्रुवारी २०२७ मध्ये. फेब्रुवारीत आमच्या केज, धारूर, वडवणीकडं घरांना कुलपं असतात, कोयता घेऊन नवराबायको पोरांसकट ऊस तोडायला कारखान्यावर, उसाच्या फडाजवळ कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. २०११ चा नियम असा होता की मोजणीच्या पूर्ण काळात जो बाहेर आहे तो जिथे आहे तिथे मोजायचा. तोच राहिला तर आमची माणसं सांगली-कोल्हापूरच्या खात्यात जाणार, तेही प्रगणक कोपीपर्यंत पोचला तर, आणि एप्रिलमध्ये ती परत आली की गावाला टँकर मंजूर होणार कुलपं मोजून आलेल्या आकड्यावर. ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमांकडे टोळ्यांच्या याद्या असतात, कारखान्यांकडेपण असतात, त्या आधी मागवून प्रगणकाला देता येतील, म्हणजे कोणती कोपी राहिली ते तरी कळेल. मामा, हे लिहून पाठवा ग्रुपवर, तुमच्या ओळखीत दोन मुकादम आहेत.