संत्र्याच्या कलमाला कात्री लावायची की नाही?

वरुड-मोर्शीपासून काटोल-नरखेडपर्यंत कास्तकारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. 'संत्र्याच्या कलमाला पाच वर्षं कात्री लावू नका, झाडाचा जोर जातो. झाड आपोआप आकार घेतं. कापायचंच तर मे महिन्यात कापा, तेव्हा झाड झोपलेलं असतं. जखमेला शेण लावा.' यावर विसंबून नवीन बागा वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

जोर जातो, हे अर्धंच खरं. संत्रा बारमाही हिरवा. लहानपणी भादरून काढला तर वाढ मागे पडते, बहार लांबतो. पण म्हणून पानसोटही, म्हणजे जोरात सरळ वाढणारे बिनकामाचे फुटवेही, ठेवायचे? कलमात खाली जंबेरी किंवा रंगपूर लिंबाचा खुंट असतो, वर नागपुरी संत्र्याचा डोळा. डोळ्याच्या खालून फुटलेला काटेरी, सरळसोट फुटवा खुंटाचा. तो राहू दिला की संत्रा दबतो, कधी मरतोही, आणि वावरात उरतं आंबट लिंबाचं झाड. हा फुटवा बोटभर असतानाच अंगठ्यानं मोडावा. कात्रीसुद्धा लागत नाही.

आपोआप आकार घेतलेलं झाड जवळून बघा. एकाच जागेवरून तीन-चार फांद्या निघतात, अरुंद बेचक्यात साल आत दबते, लाकूड लाकडाला जुळतच नाही. फळांचं ओझं आलं की फांदी खोडाची साल सोलत खाली येते. म्हणून दीड-दोन फुटांपर्यंत एकच खोड मोकळं ठेवायचं आणि वर चार-पाच फांद्या, वेगवेगळ्या उंचीवर, चारी दिशांना. जमिनीला टेकणाऱ्या फांद्या काढल्या की पावसात उडणाऱ्या मातीतून येणाऱ्या डिंक्याचाही (खोडातून डिंक गळणारा बुरशीचा रोग) धोका कमी होतो.

मे महिन्यात संत्रा झोपत नाही, तो उन्हाशी झगडत असतो. पारा 45 च्या घरात असताना फांद्या काढल्या तर उघडी पडलेली कोवळी साल भाजून तडकते. मोठा काप भर उन्हाळ्यात नको, झडीतही नको.

शेणानं बुरशी थांबत नाही. बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवून प्लास्टिकच्या भांड्यात एकत्र करा, लोखंडी भांड्यात नाही. मग त्यात लखलखीत विळा बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. आणखी घालून पुन्हा बुडवा.