काड्यापेट्यांचं यंत्र आणि लाइटहिलचा अहवाल

एआयचा इतिहास सांगताना आपल्याकडे दोनच तारखा येतात. अमेरिकेतल्या डार्टमथची परिषद, १९५६, आणि चॅटजीपीटी, २०२२. मधलं सगळं गाळलेलं, आणि ब्रिटनचं तर नावही नसतं. मला हे मनापासून खटकतं. यंत्र ‘शिकतं’ म्हणजे नेमकं काय करतं, हे एडिंबरोतल्या ३०४ काड्यापेट्यांइतकं स्वच्छ दाखवणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही. आणि याच ब्रिटनने १९७३ साली या संशोधनाचा पैसा का आवळला, तेही त्या काड्यापेट्या समोर असल्या की नीट समजतं. ज्या अहवालामुळे तो आवळला गेला, त्या लाइटहिल यांच्या अहवालाबद्दल माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: निदान बरोबर, औषध चुकलं. का, ते पुढे येईलच. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

मूळ अॅलन ट्युरिंगपाशी, संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या ब्रिटिश गणितज्ञापाशी. १९४८ साली त्याने ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीसाठी एक अहवाल लिहिला. यंत्राला सगळं आधीच भरवून ठेवण्यापेक्षा लहान मुलासारखं बक्षीस आणि शिक्षा देऊन शिकवता येईल, हा विचार त्यात स्पष्ट मांडलेला आहे. संस्थेचे संचालक होते सर चार्ल्स डार्विन, उत्क्रांतीवाल्या डार्विनचे नातू. त्यांना तो शाळकरी निबंध वाटला, आणि ट्युरिंगच्या हयातीत तो छापलाच गेला नाही. पण युद्धकाळात ब्लेचली पार्कमध्ये, शत्रूचे गुप्त संदेश फोडणाऱ्या केंद्रात, ट्युरिंगबरोबर बुद्धिबळ खेळणाऱ्या, यंत्र शिकेल का यावर त्याच्याशी तासन्‌तास बोलणाऱ्या एका कोवळ्या पोराच्या डोक्यात ही कल्पना पक्की बसली होती. त्याचं नाव डोनाल्ड मिकी, जन्म रंगूनचा, १९२३ चा. युद्धानंतर तो उंदरांच्या आनुवंशिकीकडे वळला आणि एडिंबरोला आला. हाताशी संगणक नव्हता. १९६१ च्या सुमारास एका सहकाऱ्याशी पैज लागली, आणि त्याने काड्यापेट्या जमवल्या.

खेळ आपला फुली-गोळ्याचा. यंत्र पहिली चाल खेळतं. म्हणजे त्याच्या चाली पहिली, तिसरी, पाचवी, सातवी आणि नववी. नवव्या चालीला एकच घर उरतं, तिथे विचार करायचं काही नाही, म्हणून तिला पेटी नाही. उरलेल्या प्रत्येक वेळी पटावर जी स्थिती असू शकते, त्या प्रत्येक स्थितीला एक पेटी. पट फिरवला किंवा आरशात पाहिला तर सारखीच दिसणारी स्थिती एकदाच मोजायची. असं केलं की पहिल्या चालीला १ पेटी, तिसरीला १२, पाचवीला १०८, सातवीला १८३. बेरीज ३०४. पेटीवर त्या स्थितीचं चित्र चिकटवलेलं, आत रंगीत मणी. नऊ घरांना नऊ रंग. पेटीच्या खणात पुढच्या बाजूला पुठ्ठ्याचा व्ही आकाराचा आडोसा. पेटी हलवून पुढे कलवली की एक मणी घरंगळत त्या कोनात येऊन बसतो. त्याचा रंग जे घर सांगेल, ती यंत्राची चाल.

आता मण्यांची संख्या बघा, सगळी गंमत तिथे आहे. पहिल्या पेटीत प्रत्येक वेगळ्या चालीचे ४ मणी, तिसऱ्या चालीच्या पेट्यांत ३, पाचवीच्या २, सातवीच्या फक्त १. डाव संपला की हिशेब. यंत्र हरलं, तर त्या डावात बाहेर आलेला प्रत्येक मणी जप्त. बरोबरी झाली, तर मणी परत आणि त्याच रंगाचा आणखी एक. जिंकलं, तर मणी परत आणि वर तीन.

मोजून पाहू. रिकाम्या पटावर खरोखर वेगळ्या अशा चाली तीनच: कोपरा, कडेचं मधलं घर, मध्य. म्हणजे पहिल्या पेटीत १२ मणी, प्रत्येक चालीला ३३ टक्के संधी. कोपऱ्यापासून खेळून यंत्र हरलं, तर कोपऱ्याचे ३ मणी राहतात, एकूण ११, संधी २७ टक्क्यांवर. त्याऐवजी जिंकलं असतं, तर कोपऱ्याचे ७, एकूण १५, संधी ४७ टक्के. सातव्या चालीच्या पेटीत तीन रिकामी घरं, तीन मणी. तिथे हरण्याचा मणी एकदा काढला की ती चाल कायमची बाद. शेवटची चूक सहसा स्वतःच दोषी असते, म्हणून तिला एका फटक्यात शिक्षा. पहिल्या चालीवर मात्र पुढे घडलेल्या सगळ्याचं खापर फोडता येत नाही, म्हणून तिला सवलत. ४-३-२-१ या उतरत्या आकड्यांचं कारण एवढंच, आणि ते फार शहाणपणाचं आहे. सगळ्या पेट्यांत एकेकच मणी ठेवून बघा. प्रत्येक डावात उघडणारी पहिली पेटी तीन वेगवेगळ्या पराभवांत रिकामी होते, आणि यंत्र काही शिकण्याआधीच हात टेकतं.

मधली एखादी पेटी रिकामी झाली, तर यंत्राने डाव सोडला असं धरायचं. हीही उपयोगाची गोष्ट आहे. त्या डावातल्या आधीच्या पेटीतला मणी जप्त होतो, म्हणजे ‘या गल्लीत शिरूच नको’ हा निरोप एक पायरी मागे पोचतो. कुणीही नियम न सांगता.

मिकी स्वतः या यंत्राशी २२० डाव खेळला, १६ तास. सुरुवातीला यंत्र सपाटून हरलं. पहिल्या वीसेक डावांत ते बरोबरीवर स्थिरावू लागलं. मग मिकीने त्याला चकवायला मुद्दाम वाकड्या चाली काढल्या, आणि यंत्र त्या चालींवर जिंकायला शिकलं. गणित न येणारी, पट न बघणारी, कागदाच्या आणि लाकडाच्या तुकड्यांची वस्तू!

यात बिघडतं काय, तेही सांगायला हवं, कारण तेच आजच्या मोठ्या प्रणालींमध्येही बिघडतं. समजा यंत्राने पाचवी चाल गाढवपणाची खेळली, पण समोरच्याने त्याहून मोठी चूक केली आणि यंत्र जिंकलं. आता गाढवपणाच्या चालीलाही तीन मणी बक्षीस. ती सवय मोडायला पुढे कितीतरी पराभव लागतात. श्रेय नेमकं कुठल्या चालीला द्यायचं, हा प्रश्न ३०४ पेट्यांत जितका खरा आहे तितकाच आजही आहे. दुसरं, शिक्षक कसा आहे. कधीच न चुकणाऱ्या माणसासमोर यंत्र फार तर बरोबरी शिकतं. समोरच्याने चूक केली तर ती पकडायची कशी, हे त्याला कधी दिसतच नाही. भरमसाट चुकणाऱ्या माणसासमोर ते आळशी चालींवर माजतं. तिसरं अगदी हाताचं काम: पट फिरवून पेटी शोधली, तर मण्याने सांगितलेलं घरही तितकंच उलटं फिरवून मांडावं लागतं. हे विसरलं की यंत्राने खेळलेली चाल एक आणि पटावर मांडलेली दुसरी, आणि बक्षीस भलत्याच चालीला. मणी एका आकाराचे आणि वजनाचे नसतील, तर काही रंग आपसूकच जास्त वेळा पुढे येतात.

आणि सगळ्यात मोठी अडचण काड्यापेट्यांच्या संख्येची. फुली-गोळ्याला ३०४. बुद्धिबळात पांढऱ्याला पहिल्याच चालीला २० पर्याय. दोघांनी एकेक चाल केली की ४०० शक्यता, तिसऱ्या चालीनंतर ८,९०२, चौथ्यानंतर १,९७,२८१. प्रत्येक स्थितीला वेगळी पेटी द्यायची म्हटली, तर डाव रंगात येण्याआधीच जगातल्या काड्यापेट्या संपतील. या फुगत जाण्याला संशोधक ‘कॉम्बिनेटोरियल एक्स्प्लोजन’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा.

मिकीचं काम पुढे फोफावलं. १९६३ मध्ये होप पार्क स्क्वेअरमध्ये छोटा गट, १९६५ मध्ये एक्स्पेरिमेंटल प्रोग्रामिंग युनिट, १९६६ मध्ये मशीन इंटेलिजन्स अँड पर्सेप्शन नावाचा स्वतंत्र विभाग. दृष्टीचे अभ्यासक रिचर्ड ग्रेगरी आणि रसायनशास्त्रातून आलेले ख्रिस्तोफर लाँगेट-हिगिन्स हेही सोबत. रॉबिन पॉपलस्टोन आणि रॉड बर्स्टल यांनी पॉप-२ ही प्रोग्रामिंगची भाषा बनवली. आणि उभा राहिला फ्रेडी हा रोबो. वरून लटकलेला एकच हात, खाली सरकणारं टेबल, डोळ्यांच्या जागी कॅमेरे. हात पुढेमागे नेण्यापेक्षा टेबलच सरकवायचं. समोर लाकडी भागांचा ढीग टाकला की फ्रेडी कॅमेऱ्यातून एकेक भाग ओळखायचा, भाग एकमेकांवर पडून ओळखू येत नसतील तर ढिगाला ढोसून तो विसकटायचा, आणि त्यातून खेळण्यातली गाडी जोडायचा. आज कारखान्यात यंत्राचा हात दिसला की आपण मान डोलावतो. त्या हाताला ठरलेल्या जागी ठरलेला भाग मिळत असतो. विसकटलेल्या ढिगातून उचलून जोडणं ही जात वेगळी, आणि एडिंबरोने ती १९७३ साली करून दाखवली.

त्याच वर्षी लाइटहिल यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. सर जेम्स लाइटहिल हे केंब्रिजचे ल्युकेशियन प्राध्यापक, म्हणजे न्यूटनच्या गादीवरचे, द्रवगतिशास्त्रातलं मोठं नाव. संशोधनाला सरकारी पैसा देणाऱ्या सायन्स रिसर्च कौन्सिलने त्यांना या क्षेत्राबाहेरचा जाणकार म्हणून मत विचारलं होतं. त्यांनी विषयाचे तीन भाग केले. ए म्हणजे प्रत्यक्ष कामाचं स्वयंचलन. सी म्हणजे संगणकाच्या मदतीने मेंदूचा अभ्यास. आणि बी म्हणजे या दोहोंमधला पूल, रोबो बांधणं. ए आणि सी आपापल्या जागी ठीक, पण बीमध्ये दम नाही, असा त्यांचा निष्कर्ष. मुख्य कारण तेच, शक्यतांचा स्फोट. छोट्या खेळण्यांवर चालणाऱ्या युक्त्या खऱ्या जगात गेल्या की कोलमडतात. ९ मे १९७३ ला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जाहीर वाद झाला. एका बाजूला लाइटहिल, दुसऱ्या बाजूला मिकी, ग्रेगरी आणि अमेरिकेहून आलेले जॉन मॅकार्थी. बीबीसीने तो दाखवला.

पैसा आटला. एडिंबरो, ससेक्स, एसेक्स अशा मोजक्या ठिकाणी काम तगलं. बाकी ठिकाणी माणसं पांगली.

स्फोटाबद्दल लाइटहिल यांचं म्हणणं खरंच होतं. प्रत्येक स्थितीला एक पेटी, ही वाट बुद्धिबळापाशीच बंद होते. सर्वसाधारण युक्त्यांपेक्षा त्या-त्या विषयाचं ज्ञान संगणकाच्या प्रोग्राममध्ये भरलं तरच काही हाताला लागतं, हेही त्यांनी ओळखलं, आणि त्या काळाच्या संगणकांसाठी ते बरोबर होतं. पण स्फोटावरचा उपाय नेमका बी भागातच शोधला जात होता. एकमेकींसारख्या स्थितींना एकाच पेटीत बसवायचं, एका स्थितीत शिकलेलं दुसरीत वापरायचं, ही ती दिशा. मिकी आणि चेंबर्स यांनी १९६८ मध्ये ‘बॉक्सेस’ नावाचा संगणक-प्रोग्राम मांडला. सरकत्या गाडीवर उभी काठी तोलायची. गाडी कुठे आहे, काठी किती कलली आहे, दोन्हींचा वेग काय, याचे ढोबळ कप्पे पाडायचे, आणि प्रत्येक कप्प्याने अनुभवातून ठरवायचं, डावीकडे ढकलू की उजवीकडे. अगणित स्थिती मोजक्या कप्प्यांत आल्या. एका माणसाने, क्षेत्राबाहेरून, एका अहवालात ‘पूल नको’ म्हणावं आणि देशाने ते मानावं, हे मला आजही पटत नाही. रोग ओळखला, आणि त्यावर औषध शोधणाऱ्यांनाच घरी पाठवलं.

पुढचं थोडक्यात. एडिंबरोतच रॉबर्ट कोवाल्स्की तर्कशास्त्रालाच प्रोग्रामिंगची भाषा करण्यावर काम करत होते. त्यातून आणि फ्रान्समधल्या मार्सेच्या गटाच्या कामातून प्रोलॉग ही भाषा आली, आणि तिचं वेगवान रूप डेव्हिड वॉरन यांनी एडिंबरोतच घडवलं. १९८२ मध्ये जपानने आपल्या पाचव्या पिढीच्या संगणक प्रकल्पाचा पाया म्हणून हीच तार्किक प्रोग्रामिंगची वाट निवडली. ते पाहून ब्रिटन खडबडून जागा झाला आणि १९८३ मध्ये संगणक संशोधनाचा आल्वी कार्यक्रम सुरू केला, पाच वर्षांसाठी ३५ कोटी पौंडांचा. घरात होतं, ते टोकियोवरून फिरून आल्यावर दिसलं. १९७२ मध्ये लाँगेट-हिगिन्स यांच्याकडे पीएचडीला आलेला जेफ्री हिंटन न्यूरल नेटवर्कला, म्हणजे मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यावरून सुचलेल्या पद्धतीला, चिकटून राहिला, देशात त्या कामाला वाव नव्हता म्हणून अमेरिकेला गेला, आणि २०२४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल घेऊन गेला. मिकीची काठी तोलण्याची तीच समस्या १९८३ मध्ये अँड्र्यू बार्टो आणि रिचर्ड सटन यांनी आपल्या पद्धतीसाठी घेतली. त्या दोघांना २०२४ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, बक्षीस-शिक्षेने शिकणाऱ्या यंत्रांसाठी.

शाळेत शिकवणाऱ्यांना हात जोडून सांगतो, एआयचा तास घ्यायचा असेल तर पडदा आणि स्लाइड बाजूला ठेवा. ३०४ पेट्या जमणार नाहीत, हरकत नाही. गणिती कोड्यांवर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी १९६२ मध्ये यासाठी २४ पेट्यांत बसणारा खेळ सुचवला होता. ३ बाय ३ चा पट, दोन्ही बाजूंना तीन-तीन प्यादी. प्यादं रिकाम्या घरात सरळ एक घर जातं, तिरकं मारतं. पलीकडच्या ओळीत पोचलं, किंवा समोरची सगळी प्यादी मारली, किंवा समोरच्याला चालच उरली नाही, की जिंकलं. माणूस आधी खेळतो, यंत्र नंतर. पेटीवर स्थितीचं चित्र, शक्य चालींचे रंगीत बाण, आत प्रत्येक बाणाच्या रंगाचा एकच मणी. आरशातल्या स्थिती वेगळ्या काढू नका. इथे फक्त शिक्षा आहे: यंत्र हरलं की त्याच्या शेवटच्या चालीचा मणी काढून घ्या, पेटी रिकामी निघाली तर त्याआधीच्या चालीचा. नीट खेळलं तर दुसरा खेळाडू हा खेळ नेहमी जिंकतो, त्यामुळे मुलांना यंत्र अजिंक्य होताना डोळ्यांनी दिसतं.

डाव चालू असताना वापरलेली पेटी उघडीच ठेवा आणि मणी तिच्यासमोर, नाहीतर शेवटी कुठला मणी कुठल्या पेटीचा यावरून भांडण होणार. मणी बघून उचलायचा नाही, पेटी हलवून न बघता काढायचा. वहीत डावाचा क्रमांक, निकाल, काढलेल्या मण्याचा रंग लिहा, आणि खेळणारं मूल बदललं की तिथे एक आडवी रेघ मारा. नव्या मुलाने वेगळी चाल काढली की जिंकत आलेलं यंत्र त्या रेघेखाली पुन्हा हरलेलं दिसेल, आणि ‘सर, हे विसरलं का?’ असं कुणीतरी विचारेलच. तिथे थांबा आणि त्या डावातल्या पेट्या मुलांनाच उघडून बघू द्या.