पॅरासिटामॉलनं किडनी जाते? मेसेज उलटा आहे

'पॅरासिटामॉलनं किडनी सडते, त्यापेक्षा डायक्लोफेनॅक घ्या, एकदम सेफ' असा मेसेज आमच्या परभणीकडच्या ग्रुपांत फिरतोय. नेमकं उलटं सांगितलंय.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या दुखण्यावरच्या गोळ्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होऊ देत नाहीत. त्यानं सूज उतरते, ठणका थांबतो. पण हेच रसायन जठराचं अस्तर जपतं आणि अंगातलं पाणी घटलं की किडनीचा रक्तपुरवठा टिकवून धरतं. मे महिन्यात ४२ अंशांच्या उन्हात दिवसभर रानात राबायचं, पाणी घोटभर प्यायचं अन् रात्री उपाशीपोटी ही गोळी घ्यायची, यात किडनीचं काय होणार? (गिधाडं आठवा. डायक्लोफेनॅक दिलेल्या मेलेल्या जनावरांचं मांस खाऊन किडनी निकामी होऊन ती मेली. म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद केलं.)

पॅरासिटामॉलही काही साधूसंत नाही. जास्त झालं तर ते लिव्हरवर जातं. धडधाकट मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, ही कमाल हद्द. रोज दारू पिणाऱ्यानं डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊच नये. घोटाळा होतो तो सर्दीच्या गोळ्यांत, कारण त्यांतही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतंच.

परवा दुकानात एका मामांनी खिशातून तीन पाकिटं काढली. मी मागचं बारीक अक्षर वाचून दाखवलं, तिन्हींत पॅरासिटामॉलच.

"मंग रंग येगळा कामून?" मामा म्हणाले.