बॅलिनटबरचं छप्पर

युनेस्कोच्या यादीत २०२५ साली बारा किल्ले गेले, तेव्हापासून आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून जुंपतेच: रायगडावरचे वाडे पुन्हा उभारायचे की नाहीत? परवा एकाने लिहिलं, "आयर्लंडवाले बघा, पडका मठ कसा उभा केला." खाली फोटो बॅलिनटबरचा. मीच पूर्वी टाकलेला, पुरावा म्हणून माझ्याच अंगावर आला.

काउंटी मेयोतला हा मठ १२१६ सालचा. १६५३ मध्ये इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या सैनिकांनी जाळला. छप्पर गेलं, दगडी भिंती राहिल्या. गावकरी मात्र उघड्या आभाळाखाली प्रार्थनेला येतच राहिले. (मेयोचा पाऊस कोकणातल्यासारखा चार महिन्यांत आटोपत नाही.) १८४६ साली दुरुस्ती सुरू झाली, ती दुष्काळात थांबली. प्रार्थनेच्या मुख्य दालनावर छप्पर चढलं ते थेट १९६६ मध्ये, मठाच्या ७५०व्या वर्षी. पुढे इथून क्रोग पॅट्रिक डोंगराकडे जाणारी पस्तीसेक किलोमीटरची जुनी यात्रेची वाटही चालती केली गेली. ती कुरणांतून, चिखलातून जाते. बूट रुतला तेव्हा मला आळंदी-पंढरपूर आठवलं.

पण रायगडाशी याची तुलना करताना गडबड होते. बॅलिनटबरला भिंती होत्या आणि त्यांच्याआड तीनशे वर्षं माणसंही होती. फक्त छप्पर नव्हतं. रायगडावर मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफगोळ्यांनी आग लागली, लाकडी वाडे जळाले आणि जोती उरली. वरचे मजले कसे होते, खांबांवर नक्षी कोणती होती, हे ठरवणार कोण? ठरवलं तर अंदाजाने, आणि अंदाजाचा वाडा शूटिंगच्या सेटसारखाच दिसणार. त्या जोत्यांवर आज निदान खोटं काही नाही.

मला विचाराल तर आधी टाक्यांतला गाळ काढा, जोत्यांत पाणी मुरणार नाही असं बघा. आणि गडावर ताक-पिठलं देणारी, पाचाड-हिरकणीवाडीची माणसं आराखड्यात कुठे बसतात ते सांगा. बॅलिनटबरला छप्पर मिळण्याआधी तिथे येणारी माणसं होती, एवढंच मला दिसतं.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. उत्तर आलं, "तिकडे बसून बोलायला काय जातंय?"

तेही खोटं नाही. गेल्या सहा वर्षांत मी रायगडावर एकदाच गेलो, तोही रोपवेने.