‘राहिले तर राहू द्या’ या संदेशाला उत्तर

गेल्या पंधरवड्यापासून पवनी परिसरातील व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर नाव घेऊन जाणाऱ्यांना त्यात असे सांगितले आहे की, लाइफ जॅकेट, दोरी किंवा दुसरे काही सामान घरी राहिले तर त्यासाठी मागे फिरू नये. कारणेही दिली आहेत : पोहता येणाऱ्याला जॅकेट लागत नाही, धरणाचे पाणी म्हणजे समुद्र नव्हे, काठावर काही ना काही जुगाड होतोच, वाडवडिलांनी जॅकेट कधी पाहिलेही नव्हते, अडचण आली तर मोबाइल आहे, आणि निघाल्यावर मागे वळणे हा अपशकुन आहे. यातले एकही कारण पाण्यावर टिकत नाही.

पोहण्यापासूनच सुरुवात करू. नाव उलटते तेव्हा माणूस पोहायला उतरलेला नसतो. अंगात पूर्ण कपडे असतात, डोक्याला नावेची कड लागलेली असू शकते, पायात जाळे गुंतते आणि शेजारचा घाबरून गळ्याला मिठी मारतो. हिवाळ्यातील पहाटे तर, पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातील उष्णता ओढून घेत असल्याने, पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हात काही वेळाने ऐकेनासे होतात. जॅकेट घेतानाही त्यावरचा आकडा पाहावा, कारण ५० न्यूटनचे, म्हणजे पाण्यात सुमारे पाच किलोचा भार उचलणारे, जॅकेट केवळ पोहणाऱ्याला आधार देते. बेशुद्ध माणसाचे तोंड पाण्याबाहेर राहावे यासाठी बनवलेले प्रकार १०० न्यूटनपासून पुढे सुरू होतात. डोक्याला मार लागलेल्या माणसाला पोहता येत होते की नाही, याने त्या क्षणी काहीच फरक पडत नाही.

समुद्राची तुलना तर संदेश लिहिणाऱ्यावरच उलटते. समुद्राचे खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते, म्हणून तेच शरीर समुद्रात थोडे अधिक तरंगते आणि धरणात थोडे अधिक बुडते. पाणी संथ असते म्हणावे, तर गोसीखुर्दचे पाणी मागे पार भंडाऱ्याकडे पसरलेले आहे आणि एवढ्या मोकळ्या पाण्यावर वावधन सुटले की लाट उठायला वेळ लागत नाही. आमच्या डोंग्याची कड पाण्यावर जेमतेम वीतभर असते. शिवाय पाण्याखाली बुडालेल्या झाडांची खोडे अजून उभी आहेत, ती वेगळीच. २३ जानेवारी २०२४ रोजी चामोर्शी तालुक्यातील गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली आणि मिरची तोडायला निघालेल्या सहा महिला बुडाल्या. जानेवारीत पूर नसतो, हे वैनगंगेकाठी कोणाला सांगावे लागू नये.

आता जुगाड. याविषयी मी अधिकाराने बोलू शकतो, कारण तो मी केलेला आहे. आमच्या फायबरच्या नावेला तळाशी, मागच्या बाजूला, आत साचलेले पाणी काढून टाकण्यासाठी अंगठ्याएवढे भोक आहे आणि त्याला रबरी बूच बसते. नाव काठावर ओढली की बूच काढायचे, पाण्यात लोटण्यापूर्वी लावायचे. एका सकाळी ते बूच घरी ओट्यावर राहिले. घर सायकलीने वीस मिनिटांवर होते, पण बांधीच्या धुऱ्यावर तुराट्या पडलेल्या दिसल्या. एक तुराटी मोडली, तिला दुपट्ट्याचे टोक गुंडाळले आणि भोकात ठोकून बसवले. काठाशी थेंबही आला नाही. दोनेकशे हात आत गेल्यावर मात्र कापड भिजून सैल झाले, तुराटी सुटली आणि घोट्यापर्यंत पाणी चढेपर्यंत ते लक्षातही आले नाही, कारण वर फळ्या टाकलेल्या होत्या. पाणी उपसायचे डबडे शोधले, तर तेही बुचाच्या शेजारीच, ओट्यावर! माझा भाचा भोकावर टाच दाबून बसला, मी टिफिनच्या झाकणाने पाणी उपसत राहिलो आणि वल्हवायला कोणी उरले नाही. वारा काठाकडे होता म्हणून हे लिहितो आहे.

जुगाड काठावर तपासला जातो आणि फसतो मात्र मध्यभागी, ही त्याची खरी अडचण आहे. रिकाम्या कॅनचेही तसेच. वीस लिटरची बंद कॅन जवळपास वीस किलोचा भार उचलते, म्हणजे आकड्यात ती १०० न्यूटनच्या जॅकेटला दुपटीने भारी पडते. परंतु कॅन माणसाला धरून ठेवावी लागते, आणि जॅकेट माणसाला धरून ठेवते.

वाडवडिलांची साक्ष काढणाऱ्यांनी ‘सांगड’ हा शब्द आठवावा. पाणी ओलांडण्यासाठी सुके भोपळे एकत्र बांधून केलेल्या तराफ्यालाही सांगडच म्हणत, आणि कमरेला भोपळा बांधून पोहायला शिकलेली माणसे अजूनही गावोगावी भेटतील. त्यांच्याकडे फोम नव्हता, एवढेच.

मोबाइलविषयी फार लिहिण्याची गरज नाही. तो नावेतल्या माणसाच्याच खिशात असतो, म्हणजे माणसाबरोबर तोही बुडतो. रेंज असेल आणि फोन कोरडा असेल तर ११२ लागेलही, पण मदत पोहोचेपर्यंत तरंगायचे कशावर, ते संदेशात लिहिलेले नाही. गळ्यात एक शिट्टी असलेली बरी.

राहिला अपशकुन. माझी आजी तो काटेकोरपणे मानत असे, परंतु काही विसरून परतलेल्याला ती ओरडत नसे. त्याला ओसरीवर बसवून दोन घोट पाणी प्यायला देई आणि मग ‘आता जा’ म्हणे. बुचाच्या त्या सकाळी मला तेवढाच वेळ लागला असता. आता आमचे बूच नावेलाच दोरीने बांधलेले आहे. जॅकेट नावेत ठेवता येत नाहीत, उंदीर कुरतडतात. म्हणून ती दाराच्या कडीलाच अडकवलेली असतात, ती काढल्याशिवाय दार उघडत नाही.