एकच तांब्या

सातवीत एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला कोण कोण बसणार, त्यांची नावं घेणं चाललं होतं. सरांनी माझं वस्तुचित्र पाहिलं, वही मिटली आणि म्हणाले, "तुझा हात नाही चित्रकलेचा." नाव लागलं नाही. त्यानंतर चौतीस वर्षं मी ब्रश धरला नाही.

आता रोज सकाळी डबे भरून झाले की आजीचा पितळी तांब्या ओट्यावर, खिडकीजवळ ठेवते आणि जलरंगात त्याचं चित्र काढते. क्लास लावलेला नाही. काल १३० चित्रं पुरी झाली.

नव्याने शिकणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, एकच वस्तू धरा आणि सोडू नका. आज फूल, उद्या डोंगर, परवा मोबाइलवर पाहून मोर, असं मीही आधी दोन महिने केलं. व्हिडिओतला माणूस ब्रश फिरवतो तसा फिरवायचा. मोर बरा यायचा. पण समोरची कपबशी काढायला बसलं की काहीच जमायचं नाही, कारण मोर माझ्यासाठी दुसऱ्याने पाहून ठेवलेला होता.

तांब्याचे पहिले पंधरा-वीस प्रयत्न कलंडलेलेच आले. घोळ काठाशी होता. तोंड गोल आहे हे डोक्यात पक्कं, म्हणून हात गोलच काढायचा. खुर्चीत बसून पाहिलं तर तो गोल चपटा दिसतो, उभं राहिलं की फुगतो. आणि बूड? ओटा सरळ म्हणून मी बुडाशी सरळ रेघ मारायची. प्रत्यक्षात बुडाची कड काठापेक्षाही जास्त वळते, कारण ती नजरेच्या आणखी खाली असते. हे उमगायला मला महिना लागला, पण ते आता माझं आहे.

मग रंग. पितळ म्हणजे पिवळं, या समजुतीत कितीतरी कागद गेले. तांब्याच्या पोटावर खिडकीचं आभाळ उतरलेलं असतं, खाली ओट्याचा काळपट रंग, आणि मानेखाली जवळजवळ चॉकलेटी. लेमन यलो बाजूला ठेवून मातकट पिवळा यलो ऑकर, तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना आणि थोडं गडद निळं अल्ट्रामरीन घेतलं तेव्हा कुठे पितळ दिसायला लागलं. चकाकणाऱ्या ठिपक्याला रंग लावायचाच नाही, तिथे कोरा कागद राखायचा. सावंतवाडीचे चित्रकार सा. ल. हळदणकर यांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ज्योतीआड धरलेल्या बोटांतून झिरपणारा तो लालसर उजेड मी पूर्वीही पाहिला होता. परवा पुन्हा त्या चित्राचा फोटो उघडून बसले आणि पहिल्यांदा उजेडाऐवजी भोवतीचा अंधार बघत राहिले. तो किती जपून लावलाय!

पैशाचं विचाराल तर रंगांवर कमी आणि कागदावर जास्त घाला. मी पहिले तीन महिने साध्या ड्रॉइंग पेपरवर रडले. पाणी लागलं की तो फुगायचा, रंगाचा दुसरा हात फिरवला की भुसा निघायचा, आणि मला वाटायचं सर म्हणाले तेच खरं. ३०० जीएसएमच्या, म्हणजे चांगल्या जाड, सुती कागदावर तोच हात, तेच रंग, आणि वॉश, म्हणजे रंगाचा पाणीदार पातळ थर, अलगद पसरला. त्या दिवशी मी खरंच रडले. कागद महाग आहे, मान्य. पण २२ बाय ३० इंचाच्या एका शीटचे १६ तुकडे होतात, आणि पाठची बाजूही चालते. तुकडा लहान असला की भीतीही कमी वाटते.

कुणाच्या घरी सातवी-आठवीतलं मूल वाकडातिकडा गडू काढत असेल तर हात आहे की नाही ते ठरवू नका. फक्त विचारा, "काठ तुला इथून कसा दिसतोय?" मला कुणीतरी हे विचारायला हवं होतं.

आजचा १३१वा. काठ नीट बसलाय, पण मानेखालचा रंग अर्धवट ओला असताना ब्रशमधून पाण्याचा थेंब पडला आणि फुलकोबीसारखा डाग उमटला. उद्या तेवढी जागा पूर्ण वाळू देणार आहे.